पडद्यामागे कोण शिकवते?

"सर, अशी नोकरी खरी असते का हो?"

भोर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही गेलो होतो. बारावीतल्या एका मुलीने आपल्या शिक्षकांपुढे मोबाइल धरला. त्यावर एका 'एडटेक' कंपनीची, म्हणजे शिक्षण-तंत्रज्ञान क्षेत्रातल्या कंपनीची जाहिरात होती. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल, मराठी उत्तम हवे, वगैरे. तिची मोठी बहीण बी.एस्सी. झालेली होती आणि घरात विचार चालू होता. शिक्षकांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही त्यांच्याकडे. ज्या उद्योगाच्या नावातच 'शिक्षण' आहे तिथे नेमके काय काम चालते, हे आम्हा दोघांनाही धड सांगता येईना.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाणार आहे. (वेल्हे तालुक्याला 'राजगड' नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून आम्हीही तेच वापरतो.) इथली भातशेती पावसावर अवलंबून. शिकलेली मुले शिरवळ-खेड शिवापूरच्या कारखान्यांत जातात, पुण्याला जातात, पोलीस भरतीची तयारी करतात. डी.एड., बी.एड. करून शिक्षक भरतीची वाट पाहत बसलेले तरुणही गावोगाव आहेत. अशांपुढे शिकवण्याशी नाते असलेले एखादे नवे काम येत असेल, तर त्याची नीट ओळख करून देणे हे आपलेच काम आहे. आम्ही केलेल्या वाचनातून आणि विचारपुशीतून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

एका प्रश्नामागची मेहनत

मोबाइलवर किंवा टॅबवर मूल गणित सोडवते तेव्हा पडद्यावर आपल्याला फक्त प्रश्न दिसतो. तो प्रश्न तिथे कसा आला, हे एका उदाहरणावरून पाहू. सहावीच्या वर्गाला विचारा : ०.५ आणि ०.३५ यांपैकी मोठी संख्या कोणती?

काही मुले ०.३५ म्हणतील. कारण उघड आहे : ३५ हे ५ पेक्षा मोठे. पूर्ण संख्यांचा नियम त्यांनी जसाच्या तसा दशांश चिन्हापलीकडे नेला. बाकीची ०.५ म्हणतील. आपण 'शाब्बास' म्हणून पुढे जाऊ. पण थांबा. या बरोबर उत्तर देणाऱ्यांतही दोन प्रकारची मुले असू शकतात. एकाला दशांशाची स्थानिक किंमत खरोखर कळली आहे. दुसऱ्याने ऐकले आहे की शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो. त्यावरून त्याने नियम बनवला की चिन्हानंतर जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. त्याचे उत्तर बरोबर आले, पण चुकीच्या कारणाने.

आता दुसरा प्रश्न विचारा : ०.४ आणि ०.६८ यांपैकी मोठी कोणती? पहिल्या प्रकारचे मूल इथे ०.६८ असे बरोबर उत्तर देईल, कारण ६८ हे ४ पेक्षा मोठे. 'जास्त अंक म्हणजे लहान संख्या' म्हणणारे मूल मात्र ०.४ म्हणेल. ज्याला कळले आहे ते दोन्ही प्रश्न बरोबर सोडवेल.

गंमत पाहा. चुकणाऱ्या दोन्ही मुलांना दोनपैकी एक गुण मिळाला. गुणपत्रिकेत दोघे सारखेच. पण त्यांना लागणारे औषध वेगळे आहे. पहिल्याला ०.५ म्हणजेच ०.५० हे पट्टीवर दाखवावे लागेल. दुसऱ्याला सहा दशांश आणि चार दशांश आधी ताडून पाहायला सांगावे लागेल. संगणकाला हे आपोआप कळत नाही. कोणीतरी बसून हे दोन प्रश्न जोडीने ठेवावे लागतात, कोणते चुकीचे उत्तर म्हणजे कोणता गैरसमज हे लिहून ठेवावे लागते, आणि प्रत्येक गैरसमजासाठी पुढचा धडा तयार करावा लागतो. 'हे उत्तर आले तर तिकडे जा, ते आले तर इकडे जा' एवढी सूचना संगणक पाळतो. हजारो मुलांची उत्तरे जमली की कोणता प्रश्न नीट वेगळे करतो आणि कोणता करत नाही, हे आकडेमोडीने तपासताही येते.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात शिकवण्याची यंत्रे बनवली होती. त्याच सुमारास नॉर्मन क्राउडर याने पाने उलटसुलट लावलेली पुस्तके तयार केली. वाचणाऱ्याने जे उत्तर निवडले त्यानुसार त्याला पुस्तकाच्या वेगवेगळ्या पानांवर पाठवले जाई, आणि चुकलेल्याला त्याच्या चुकीचे स्पष्टीकरण तिथे मिळे. यंत्रे बदलली, पण मूळ काम तेच राहिले : मूल कुठे अडखळेल ते आधी ओळखणे. आणि हे कोणाला चांगले माहीत असते? जो रोज वह्या तपासतो त्याला.

मराठी मुलाची चूक मराठीतच कळते

शिक्षणाची बरीच साधने आधी इंग्रजीत तयार होतात आणि मग त्यांचे मराठी केले जाते. इथे एक मोठी फट राहते.

मुलाला 'सत्तेचाळीस' लिहायला सांगितले आणि त्याने ७४ लिहिले. इंग्रजीत चाळीस आधी येतात, सात नंतर. लिहिण्याचा क्रमही तोच. मराठीत कानावर आधी 'सत्ते' पडते आणि मग 'चाळीस'. ऐकले त्या क्रमाने लिहिणारे मूल ७४ लिहिते. म्हणून मराठी मुलाचे ७४ हे उत्तर पुष्कळदा संख्येच्या नावामुळे चुकलेले असते, गणिताच्या अज्ञानामुळे नव्हे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन दिले गेले आणि महाराष्ट्रभर वाद झाला, तो आपल्याला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी हाच मुद्दा मांडला होता. ते वाचन पटो वा न पटो, अडचण खरी आहे. इंग्रजीतून आलेल्या प्रश्नसंचात ही चूक हेरण्याची सोय असण्याचे कारणच नाही. ती कोणीतरी मराठी वर्ग पाहिलेल्या माणसानेच घालायची असते.

अपूर्णांकांचेही तसेच. आपण साडेतीन म्हणतो, पण साडेएक आणि साडेदोन म्हणत नाही. दीड आणि अडीच म्हणतो. पाव, पाऊण, सव्वा, पावणेदोन हे शब्द मुलाच्या कानावर शाळेत येण्याआधीच पडलेले असतात. यंत्राने भाषांतर केलेल्या धड्यात 'दोन पूर्णांक एक छेद दोन' येईल किंवा चक्क 'साडेदोन' येईल. वेल्ह्याच्या खोऱ्यातले मूल पिझ्झाचे आठ तुकडे पाहून गोंधळेल. भाकरीचा चतकोर त्याला न शिकवता कळतो. चतकोर, अर्धी, पाऊण भाकरी यांवरून छेद-अंशाकडे जाणारा धडा लिहायचा, तर ती भाकरी खाल्लेला लेखक हवा.

म्हणजे जे आपल्या मुलांना 'गावंढळ' वाटते आणि पुण्यात गेल्यावर ती जे लपवतात, तेच या कामात भांडवल आहे. आवणी, राब, ओढा, खाचर हे शब्द ज्याला सहज येतात, तो विज्ञानाचा धडा या मातीत रुजवू शकतो. बीज अंकुरणे शिकवायला भाताच्या रोपवाटिकेसारखे उदाहरण घरामागेच आहे.

डोंगराआड रेंज

दुसरी अडचण भूगोलाची. मोबाइलच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. तोरणा आणि राजगड यांच्यासारखे डोंगर मध्ये उभे असले की पलीकडच्या खोऱ्यातल्या वाडीवर त्यांची सावली पडते. मार्च २०२० पासून कोविडच्या साथीत शाळा बंद राहिल्या, तेव्हा सह्याद्रीतल्या अनेक गावांत मुले रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता थोडा हिशोब करू. बऱ्यापैकी दिसणाऱ्या चलचित्राला सेकंदाला सुमारे ५०० किलोबिट माहिती लागते असे धरू. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. ५०० गुणिले ६०० म्हणजे ३ लाख किलोबिट, म्हणजेच ३०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हे झाले साडेसदतीस मेगाबाइट. आता मजकुराचे पाहा. युनिकोडच्या रूढ साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. छापील पानावर २००० चिन्हे धरली तर एका पानाला ६००० बाइट, म्हणजे ६ किलोबाइट लागतात. एका दहा मिनिटांच्या चलचित्राच्या जागेत अशी सहा हजारांहून अधिक पाने मावतात!

यावरून चलचित्र वाईट असे ठरत नाही. हृदयाची झडप कशी उघडते हे दहा पाने वाचून कळणार नाही, ते हलताना पाहावे लागते. पण प्रत्येक धड्यात कोणता भाग हलता हवा, कोणता साध्या चित्राने भागेल आणि कोणता नुसत्या मजकुराने, हा निर्णय कोणीतरी करावा लागतो. शिवाय धडे एकदा शाळेतल्या छोट्या संगणकावर उतरवून घेऊन, इंटरनेट नसताना वर्गातल्या वर्गात टॅबवर पोहोचवण्याची सोयही करता येते. पत्त्यांच्या कॅटएवढ्या संगणकावर हे काम चालते. तो बसवणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा आणि पावसाळ्यात वीज गेली तर पर्यायी सोय पाहणारा माणूस मात्र जवळपासचाच असावा लागतो. पासली किंवा केळदला भर पावसात पुण्याहून रोज कोण येणार?

कामे कोणकोणती?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. अशा कंपन्यांत आणि संस्थांत ढोबळमानाने पुढील कामे असतात.

पहिले काम आशय-लेखकाचे. धडे, प्रश्न, स्पष्टीकरणे, प्रयोगांच्या कृती लिहिणे. विषयाचा पक्का पाया आणि सोपी, शुद्ध भाषा या दोन गोष्टी लागतात. बी.एस्सी. किंवा बी.ए. झालेला, वाचनाची आवड असलेला पदवीधर इथे सुरुवात करू शकतो, बी.एड. असेल किंवा वर्गात शिकवण्याचा अनुभव असेल तर उत्तम.

दुसरे काम पाठ-आराखडा करणाऱ्याचे. कोणती कल्पना आधी, कोणती नंतर, कुठे प्रश्न, कुठे कृती, कुठे हलते चित्र हे तो ठरवतो. वर सांगितलेली दशांशाची जोडी लावणारा हाच. या कामाला अनुभव लागतो, आणि अनुभवी शिक्षकाला इथे विशेष मान असतो.

तिसरे, चित्रकार, हलती चित्रे बनवणारे, आवाज देणारे आणि ध्वनिमुद्रण करणारे. ज्याचा हात चांगला आहे पण ज्याला गुण मात्र पंचेचाळीस टक्केच मिळतात, अशा मुलाकडे आपण जरा निराळ्या नजरेने पाहायला हवे. फुलाची उभी काप दाखवणारी अचूक आकृती काढता येणे ही मोठी गोष्ट आहे.

चौथे, भाषांतर आणि तपासणी. पूर्वी हे सगळे काम हाताने होई. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने क्षणात कच्चे भाषांतर देतात, प्रश्नही तयार करून देतात. त्यामुळे नुसत्या भाषांतराचे काम कमी होत जाणार, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. पण यंत्राने दिलेले उत्तर आत्मविश्वासाने चुकलेले असू शकते. 'साडेदोन' पकडणारा, वस्तुमान आणि वजन यांतली गल्लत पकडणारा, चुकीचा प्रयोग पकडणारा तपासनीस लागतोच. भारत सरकारचा 'भाषिणी' हा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. भारतीय भाषांतले बोलणे-लिहिणे यंत्रांना कळावे हा त्याचा उद्देश आहे, आणि त्यासाठी त्या त्या भाषेतल्या माणसांकडूनच वाक्ये व आवाज गोळा केले जातात.

पाचवे, प्रोग्रामर आणि आकडेवारी तपासणारे. याविषयी मुलांना बरेच माहीत असते, म्हणून आम्ही फार लिहीत नाही. एवढेच सांगतो की संगणकाच्या पदवीइतकाच गणिताचा पायाही इथे महत्त्वाचा असतो.

सहावे, शाळाशाळांत जाऊन साधने बसवणारे, शिक्षकांना ती वापरायला शिकवणारे आणि अडचणी परत कळवणारे लोक. तालुका ओळखणाऱ्या, दुचाकीवरून फिरण्याची तयारी असणाऱ्या आणि गुरुजींशी आदराने बोलू शकणाऱ्या माणसासाठी हे काम आहे. आय.टी.आय.चा संगणकाचा अभ्यासक्रम केलेला मुलगाही इथे उपयोगी पडतो.

सातवे, विक्री. या क्षेत्रातल्या 'कोणताही पदवीधर चालेल' अशा जाहिराती पुष्कळदा याच कामाच्या असतात, म्हणून त्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

कंपन्या येतात, कंपन्या जातात

या क्षेत्रात शिरणाऱ्याने त्याचा इतिहास थोडा तरी जाणून घ्यावा. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात भारताने अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. 'साइट' नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्याच परंपरेत पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचे शालेय कार्यक्रम दूरदर्शनवर लागत. लेखक, शिक्षक, कॅमेरामन, बाहुल्यांचे खेळ करणारे असे अनेक जण तिथे शिकून तयार झाले. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली.

खाजगी क्षेत्रातही हेच दिसते. १९९४ मध्ये स्थापन झालेली 'एज्युकॉम्प' ही कंपनी वर्गावर्गात 'स्मार्ट' फळे पोहोचवत होती. २०१७ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'बायजूज'ची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर धरली जात होती. त्याच वर्षी कंपनीने सुमारे अडीच हजार लोकांना कमी करण्याचे जाहीर केले, आणि जुलै २०२४ मध्ये तिच्या मूळ कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. साथीच्या काळात घराघरात आलेले शिक्षण शाळा उघडल्यावर तितक्याच वेगाने ओसरले आणि त्या भरवशावर केलेला विस्तार अंगावर आला.

दुसरी बाजूही आहे. पुण्यात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्याला पोहोचला आणि त्याची केंद्रे चालवणाऱ्या कितीतरी स्थानिक तरुणांना त्यातून रोजगार मिळाला. केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या व्यासपीठावर २०१७ पासून शिक्षकांनी तयार केलेले साहित्यही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. आणि आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या 'फॅब लॅब'पैकी एक या खेड्यात उभी राहिली. तिथे शाळेच्या वयाची आणि शाळा सुटलेलीही मुले हाताने यंत्रे बनवत तंत्रज्ञान शिकतात.

या सगळ्यातून आम्ही एक धडा घेतला. कंपनीचे नाव पाहून क्षेत्र निवडू नये. हातात कोणते कौशल्य येणार ते पाहावे. बालचित्रवाणीत पटकथा लिहायला शिकलेल्या माणसाचे कौशल्य संस्थेबरोबर बंद पडले नाही. आज्ञावली जुनी होते, फळा जुना होतो. पण मूल कुठे अडते हे ओळखण्याची सवय जुनी होत नाही. कंपनी बुडाली तर ती सवय घेऊन माणूस शाळेत, प्रकाशनात किंवा दुसऱ्या संस्थेत काम करू शकतो.

जाहिरात कशी वाचावी?

मुलांनी जाहिरात आणली तर तिच्याशेजारी बसून पुढील प्रश्न विचारावेत.

काम नेमके काय? 'शैक्षणिक सल्लागार' असे पद असेल आणि पगाराचा मोठा भाग 'टार्गेट' पूर्ण करण्यावर अवलंबून असेल, तर ते विक्रीचे काम आहे. विक्री करणे कमीपणाचे नाही. पण पालकाला त्याच्या मुलाच्या भवितव्याची भीती घालून, कर्ज काढायला लावून महागडा अभ्यासक्रम गळ्यात मारणे हे शिक्षणाचे काम नव्हे. या प्रकारांवरून मोठमोठ्या कंपन्यांवर उघड टीका झालेली आहे. मुलाने मन घट्ट करून आधीच ठरवावे की आपण काय करणार आणि काय करणार नाही.

ठरलेला पगार किती आणि वरचा किती? नेमणूकपत्र लेखी मिळणार का? भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार का? मध्येच सोडल्यास पैसे भरायची अट आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे : नोकरी देण्यासाठी कोणी आधी पैसे मागत आहे का? प्रशिक्षण शुल्क, अनामत, लॅपटॉपची रक्कम, काहीही नाव असो, आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

मुलींच्या बाबतीत घरचे आणखी एक विचारतात : राहायचे कुठे? लेखन, तपासणी, आवाज देणे ही कामे काही ठिकाणी घरून करता येतात, आणि भोर गावात किंवा महामार्गालगत नसरापूर-कापूरहोळला इंटरनेट बरे असते. मात्र घरून होणारे काम पुष्कळदा नगावर असते, नियमित पगाराचे नसते. हे दोन्ही घरच्यांना सांगावे.

शिकायचे कुठे?

बारावीनंतर डी.एल.एड. दोन वर्षांचे, पदवीनंतर बी.एड., हे मार्ग आपल्याला ठाऊक आहेत. शिक्षक भरती झाली नाही तरी हे शिक्षण या क्षेत्रात वाया जात नाही, हे वाट पाहणाऱ्या तरुणांना सांगण्यासारखे आहे. गावात राहून पदवी घ्यायची असेल तर १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त २०१० पासून या विषयात संशोधनाची सोय झाली. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून मुलांच्या विज्ञान-गणितातल्या अडचणींचा अभ्यास करत आहे. आय.आय.टी. मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' संगणकाचे धडे मराठीतूनही देते, तेही विनामूल्य. त्यावरून विद्यार्थी घरच्या घरी बरेच काही शिकू शकतो.

करून पाहा

नोकरी लांब राहिली. हे काम आवडते का, ते वर्गातच पाहता येईल. नववी-अकरावीच्या मुलांचे चार-चारांचे गट करा. लागणारे साहित्य : जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे, स्केचपेन आणि खालच्या वर्गातली पाच मुले.

प्रत्येक गटाने खालच्या वर्गातला एक छोटा मुद्दा निवडावा : हातच्याची वजाबाकी, सावली, दिशा, काहीही. एका पुठ्ठ्यावर प्रश्न आणि तीन उत्तरे लिहावीत. अट अशी की चुकीची दोन उत्तरे उगाच लिहायची नाहीत. ती उत्तरे खरोखर कोणते मूल, कोणत्या विचाराने देईल, हे मागच्या बाजूला एका वाक्यात लिहायचे. ५२ वजा २७ चे उत्तर ३५ कसे येते? प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला म्हणून. मग प्रत्येक उत्तराला एक पुठ्ठा जोडायचा : त्या चुकीवर बोलणारा, काडेपेटीतल्या काड्यांनी किंवा चिंचोक्यांनी करून पाहायला सांगणारा. असे आठ-दहा पुठ्ठे झाले की ते खालच्या वर्गातल्या मुलांपुढे ठेवा.

पुठ्ठे बनवणाऱ्यांनी फक्त पाहायचे. एक अक्षरही बोलायचे नाही. हे फार कठीण जाते! मूल भलत्याच ठिकाणी अडते, 'स्तंभ' हा शब्दच त्याला कळत नाही, किंवा कोणाच्या मनात आले नव्हते असे चौथे उत्तर देते. मग पुठ्ठे दुरुस्त करायचे आणि दुसऱ्या पाच मुलांपुढे ठेवायचे. दोन-तीन फेऱ्यांत मुलांना कळेल की कंपनीच्या चकचकीत पडद्यामागे हेच चालते, किंवा चालायला हवे. ज्याला तिसऱ्या फेरीतही कंटाळा आला नाही, तो या कामाचा माणूस समजावा.

त्या मुलीला आम्ही नंतर निरोप पाठवला. बहिणीला म्हणावे, मुलाखतीत आधी एकच विचार : "मला दिवसभरात मुलांसाठी काही तयार करायचे आहे, की पालकांना फोन करायचे आहेत?" आणि जाण्यापूर्वी शेजारच्या चौथीतल्या मुलाला एखादे गणित घालून, तो कुठे चुकतो ते वहीत लिहून ने. ती वही मुलाखतीत दाखव.

आपल्या शाळेत पुठ्ठ्यांचा प्रयोग केलात, तर मुलांनी दिलेली ती 'चौथी' उत्तरे आम्हाला जरूर कळवा. भोर-वेल्ह्याच्या मुलांच्या चुकांची अशी एक यादी जमली, तर ती पुढच्या आशय-लेखकाला फार उपयोगी पडेल.